वाचकांचे प्रश्न: पुसलेले नंबर आणि उलटे पाय

प्रश्न: भंगारातल्या बोर्डांवरून बरेच छोटे काळे ट्रान्झिस्टर काढले आहेत. निम्म्यांवरचे नंबर पुसले गेले आहेत. कोणता एनपीएन, कोणता पीएनपी आणि कोणता पाय कशाचा, हे साध्या डिजिटल मल्टिमीटरवर कळेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: कळेल. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर; एनपीएन आणि पीएनपी हे त्याचे एकमेकांच्या उलट चालणारे दोन प्रकार. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि तिन्ही पायांच्या जोड्या दोन्ही दिशांनी तपासा. अशा सहा तपासण्यांपैकी फक्त दोनदा ०.६ ते ०.७५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. त्या दोन्हींत जो पाय सामाईक, तो बेस. सामाईक पायावर लाल प्रोब असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी. काट्याच्या जुन्या मीटरवर ओहमच्या रेंजला हे नेमकं उलटं होतं, कारण त्याच्या आतल्या बॅटरीचा धन टोक काळ्या प्रोबवर येतो.

राहिलेल्या दोन पायांतला एमिटर कोणता? दोन आकड्यांत थोडा फरक दिसेल, उदाहरणार्थ ०.६८२ आणि ०.६७७. मोठा आकडा एमिटरच्या बाजूचा. फरक चार-पाच मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून ट्रान्झिस्टर बोटांत धरून मोजू नका. एक अंश तापमान वाढलं की हा आकडा सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, आणि बोटाच्या उबेने निकाल सहज उलटतो. खात्रीसाठी मीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारे लावून पाहा: बरोबर लावला तर बहुधा शंभराच्या पुढे गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून जातो तो आकडा) दिसेल, कलेक्टर-एमिटर उलटे असतील तर जेमतेम पाच ते वीस. सॉकेट नसेल तर मीटर २० मेगओहमवर ठेवा. एनपीएनसाठी लाल प्रोब कलेक्टरवर, काळा एमिटरवर, आणि ओलं बोट कलेक्टर व बेस यांना एकदम लावा. आकडा धाडकन खाली आला की पाय बरोबर ओळखलेत.

आकडे वेगळे आले तर लगेच फेकून देऊ नका. बेस-एमिटरला १.२ च्या आसपास आकडा आला तर तो डार्लिंग्टन (एकाच ठोकळ्यात जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) असू शकतो, ०.२ ते ०.३ आला तर जर्मेनियम. उलटसुलट सगळीकडेच काहीतरी आकडे येत असतील तर आत रेझिस्टर बसवलेला ‘डिजिटल’ ट्रान्झिस्टर असण्याची शक्यता आहे. तो चांगला असूनही खराब वाटतो. शिवाय तीन पायांचा काळा ठोकळा म्हणजे ट्रान्झिस्टरच, असं नाही. ७८एल०५ रेग्युलेटर, टीएल४३१, एलएम३५ आणि २एन७००० मॉसफेट याच आकारात येतात. खराब मालात सगळ्यात जास्त सापडतो तो कलेक्टर-एमिटर शॉर्ट. तो बझरवर लगेच कळतो.

एक गोष्ट मात्र मीटर सांगणार नाही: हा किती व्होल्ट आणि किती करंट झेलेल. बिननंबरी माल एलईडी पेटवणं, बझर वाजवणं अशा पाच-बारा व्होल्टच्या कामांसाठीच ठेवा.

प्रश्न: रीलेच्या सर्किटमध्ये बीसी५४७ गेला म्हणून दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे प्लॅस्टिकचा २एन२२२२ घातला. आता रीले कधी खेचतो, कधी नाही, आणि एकदा खेचला की सिग्नल काढला तरी सुटत नाही. ट्रान्झिस्टर मीटरवर चांगला आहे. रीले १२ व्होल्टचा, बेसला १ किलोओहम.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: दुकानदाराने माल चुकीचा दिला नाही, पाय उलटे बसले आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्लॅस्टिकच्या २२२२ चे एमिटर, बेस, कलेक्टर. बेस मध्येच असल्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि सर्किट अर्धवट चालतं.

असं का होतं पाहा. उलट्या दिशेने गेन बऱ्याचदा एक आकडी होतो. १२ व्होल्टच्या साध्या रीलेची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर हवेत. सिग्नल ५ व्होल्टचा असेल तर तुमच्या बेसमध्ये चारेक मिलिअँपिअर जातात, त्यामुळे गाडी काठावर अडते. दुसरं, बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने सात-आठ व्होल्टला फुटतं. सिग्नल नसतानाही कॉइलमधून दहाएक मिलिअँपिअर वाहत राहतात. तेवढ्यात रीले खेचत नाही, पण खेचलेला धरून ठेवायला तेवढे पुरतात. ट्रान्झिस्टर काढा आणि सपाट बाजू फिरवून लावा. असं काही दिवस चाललं असेल तर नवाच घाला, कारण या उलट्या करंटने गेन कायमचा घटतो. कॉइलवर १एन४००७ (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज शोषणारा डायोड) आहे ना, तेही बघून घ्या. बीसी५४७ मुळात त्याच्याविना गेला असेल.

२२२२ च्या बाबतीत एका अक्षराने घात होतो. पीएन२२२२ए चा क्रम एमिटर-बेस-कलेक्टर, तर पी२एन२२२२ए चा कलेक्टर-बेस-एमिटर. म्हणून या नंबरचा कोणताही नग मीटरला लावल्याशिवाय बसवू नका. २एन३९०४, एस८०५० आणि एस९०१४ हेही बीसी५४७ च्या जागी फिरवूनच बसतात. जपानी सी१८१५ आणि सी९४५ (पूर्ण नंबर २एससी१८१५, २एससी९४५, ठोकळ्यावर पुढचं ‘२एस’ छापत नाहीत) यांचा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस. तिथे फिरवून भागत नाही, पायांवर स्लीव्ह घालून ते एकमेकांवरून न्यावे लागतात. न फिरवता बसणारा हवा असेल तर बीसी५४६ किंवा बीसी३३७ घ्या. रीले ५ व्होल्टचा असेल तर बीसी३३७ च बरा: त्याची कॉइल सुमारे ७० ओहमची, करंट ७० मिलिअँपिअर, आणि बीसी५४७ ची कमाल मर्यादाच १०० आहे.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या अँप्लिफायरमध्ये बीसी१४८, बीसी१५८ आणि एसएल१००, एसके१०० आहेत. हे आता मिळत नाहीत. काय घालू?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: बीसी१४८ च्या जागी बीसी५४८ किंवा ५४७, बीसी१५८ च्या जागी बीसी५५८ किंवा ५५७. जुन्याचे पाय कुठे जात होते ते बोर्डावरून आधी कागदावर काढून घ्या.

एसएल१०० धातूच्या टोपीचा, अर्ध्या अँपिअरचा एनपीएन. त्याच्या जागी बीसी५४७ घालू नका, पहिल्याच मोठ्या आवाजाला जाईल. २एन२२१९ए त्याच टोपीत येतो, पायांचा क्रमही तोच: टोपीच्या कडेला बाहेर आलेल्या जिभेच्या बाजूला एमिटर. एसके१०० साठी २एन२९०५ए. सप्लाय ३० व्होल्टच्या वर असेल तर बीडी१३९ आणि बीडी१४० जास्त सुरक्षित, पण त्यांचे पाय नंबर समोर धरून एमिटर, कलेक्टर, बेस असे आहेत. धातूच्या टोपीला आतून कलेक्टर जोडलेला असतो, म्हणून ती किंवा तिच्यावरचा हीटसिंक शेजारच्या कशालाही टेकू देऊ नका. आउटपुटची जोडी असेल तर एक गेला तरी दोन्ही बदला आणि एमिटरचे छोटे रेझिस्टर मोजा. बहुधा तेही उघडे झालेले (आतून तुटलेले) असतात.

प्रश्न: ट्रान्झिस्टर बोर्डावरून न काढता तपासता येतो का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: सप्लाय चालू ठेवून व्होल्टेज मोजा. चालू असलेल्या एनपीएनच्या बेस-एमिटरमध्ये ०.६ ते ०.७५ व्होल्ट हवेत. तिथे एक व्होल्टच्या वर दिसलं तर जंक्शन उघडं झालेलं आहे. स्विच म्हणून वापरलेला असेल आणि बेसला ०.७ असूनही कलेक्टर ०.२ च्या आसपास उतरत नसेल, तर आधी बेसचा रेझिस्टर बघा, मग ट्रान्झिस्टर काढा. सप्लाय बंद करून डायोड रेंजवर मोजणार असाल तर कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा. शून्य आला आणि समांतर कॉइल असेल, तर तो आकडा कॉइलचाही असू शकतो.

प्रश्न: चिमुकल्या एसएमडी ट्रान्झिस्टरवर ‘१जी’ आणि ‘जे३वाय’ असं लिहिलंय.
– एक वाचक, वाशी

उत्तर: एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले सुटे भाग. तीन पायांच्या एसओटी-२३ या आकारात ‘१जी’ म्हणजे बहुधा बीसी८४७सी, तर ‘जे३वाय’ म्हणजे एस८०५०. दोन पाय खाली आणि एक वर धरा: खाली डावीकडे बेस, उजवीकडे एमिटर, वरचा कलेक्टर. बीसी८४७ हा बीसी५४७ चाच एसएमडी भाऊ, त्यामुळे तात्पुरती सोय म्हणून बारीक तारा लावून बीसी५४७ चालवता येतो.