वॉरगेमच्या छोट्या सैनिकांना मनासारखी हत्यारं घरच्या घरी कशी बसवायची?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: टेबलावर मांडून खेळायच्या लढाईचे २८ मि.मी.चे प्लास्टिकचे सैनिक हाती आहेत, त्यांच्या तलवारी-बंदुका तुम्हाला पसंत नाहीत, आणि सुटी हत्यारं बाहेरून मागवली तर ड्युटी धरून सैनिकापेक्षा भाला महाग पडतो. मी बेळगावचा. असलं सामान इथल्या दुकानात मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे बरीच वर्षं सोनार, औषधाचं दुकान आणि घरातला कचरा यांच्यावरच माझं सैन्य सजतंय.

खरं सांगू? हत्यार करणं सोपं आहे. अवघड असते ती सैनिकाची मूठ. दिवाळीत आम्ही किल्ला करायचो, तेव्हा मातीच्या मावळ्यांच्या तलवारी दुसऱ्या दिवसापर्यंत मोडलेल्या असायच्या. आज्जी खराट्याचा हीर मोडून द्यायची आणि आम्ही तो मुठीवर मेणानं चिकटवायचो. लांबून भाला दिसायचा. जवळून बघितलं तर मावळा आणि काडी शेजारीशेजारी उभे, एकमेकांची ओळख नसल्यासारखे. नव्या माणसाची बहुतेक कामं अशीच दिसतात. हत्यार सुरेख, पण ते कुणी धरलेलंच नाही.

म्हणून आधी मूठ. साधा भाला द्यायचा असेल तर जुनं हत्यार मुठीच्या वर आणि खाली कापून टाका आणि मूठ कानसून साफ करा. मग बारीक सुईनं मध्यभागी खूण टोचा. ही खूण नसेल तर ड्रिलचा बिट घसरतो. आधी ०.५ मि.मी.चा बिट, मग ०.८ चा, दोन्ही हातड्रिलमध्ये लावून बोटांनी हळू फिरवायचे, आणि दोन्ही बाजूंनी आत येऊन मधे भेटवायचे. मी पहिल्यांदा घाई करून एकाच बाजूनं थेट १ मि.मी.चा बिट घातला. मूठच जेमतेम अडीच मि.मी.ची! बिट अंगठ्यातून बाहेर आला आणि चार बोटं टेबलाखाली कुठंतरी गेली, ती आजतागायत सापडली नाहीत. आरपार भोक जमत नसेल तर लाज बाळगू नका. काठीचे दोन तुकडे करून एक मुठीच्या वर आणि एक खाली, थोडं थोडं आत रुतवून चिकटवा. रेष सरळ आली तर कुणाला कळत नाही.

काठीसाठी पितळेची तार उत्तम. मी इथल्याच शहापुरातल्या एका सोनाराकडे ०.८ ची तार मागायला गेलो.

"काय करूलास रे एवढ्या बारीक तारेचं?"

"भाला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुणाला, उंदराला?"

पण मग त्यांनीच शिकवलं. तारेचं टोक लाल करून गार होऊ द्यायचं, म्हणजे पितळ मऊ पडतं. मग ऐरणीवर हलक्या हातानं चपटं करायचं आणि बारीक कानशीनं पानासारखा आकार द्यायचा. न तापवता ठोकलं तर कडेला चिरा जातात. भाल्याचं पातं वेगळं करून चिकटवण्यापेक्षा हे शंभर पटीनं टिकाऊ. या सैनिकांच्या १:५६ च्या, म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाच्या हिशेबानं दहा फुटी भाला साधारण साडेपाच सेंटीमीटरचा होतो. जाडीत मात्र हिशेब पाळू नका. खऱ्या मापानं केलेलं पातं या आकारात दिसतही नाही. विट्याची, म्हणजे दोरी बांधलेल्या भाल्याची, दोरी करायची असेल तर रेशमाचा एक धागा पुरे. माझा इथल्याच वडगावच्या मागावरचा आहे.

आता दांडपट्टा. यात मी सगळ्यात जास्त सैनिक वाया घालवले. तलवारबाजाच्या हातातली तलवार काढून तिथं पट्ट्याचं पातं लावलं की झालं, असं वाटतं. पण तलवारीची मूठ हाताला आडवी असते. पट्ट्यात मात्र हात खोबळ्याच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या धातूच्या आवरणाच्या आत, पकड आडव्या दांड्यावर, आणि पातं कोपरापासून निघालेल्या रेषेतच पुढं जातं. मनगट वळतच नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत पट्टा फिरवणाऱ्या पोरांचे फोटो काढून घरी मोठे करून बघितले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे तिथं सैनिकाची मूठ राखायचीच नाही. मनगटापासून हात कापा, उरलेल्या हातात सरळ भोक पाडा, तारेचा छोटा तुकडा बसवा आणि पातं त्या तुकड्याला चिकटवा. पातं कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचं. तो कात्रीनं कापला जातो आणि खऱ्या पट्ट्यासारखा लवतोही. लांबी २० मि.मी.च्या आसपास, रुंदी १. कडा पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय हात लावू नका, बोट कापतं.

वरचा खोबळा एम-सीलचा. पुटी मळून लहान शेंगेसारखी वळायची, हातावर चढवायची आणि ओल्या टाचणीनं आकार द्यायचा. टाचणी कोरडी असेल तर सगळं तिलाच चिकटून वर येतं. बाहेरचे लोक यासाठी ग्रीन स्टफ नावाची पुटी वापरतात. निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते, तास-दीड तास आकार देता येतो आणि पक्की व्हायला दिवस लागतो. वादी, कमरपट्टा, कापडाची घडी यांना ती छान, पण वाळल्यावरही किंचित रबरासारखी राहते, म्हणून कानशीला दाद देत नाही. एम-सील दगडासारखं होतं आणि घासता येतं. खोबळ्याला मला तेच आवडतं.

तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं उडणाऱ्या जुन्या बंदुकीची नळी इंजेक्शनच्या १८ नंबरच्या सुईची होते. न वापरलेली सुई घ्या आणि टोक पकडीनं आधी उडवा. बंदुकीला दोन्ही हात लागतात, तेव्हा डावा हात कोपरात कापून नळीखाली आणावा लागतो. तिथंही तेच, आधी हात.

चिकटवण्याबाबत एकच सांगतो. प्लास्टिकचा ग्लू प्लास्टिक विरघळवून जोडतो, धातूला तो धरत नाही. तारेला आणि पत्र्याला फेविक्विकच. फट राहिली तर चिमूटभर खायचा सोडा टाकून वर थेंब सोडा, क्षणात दगड होतो. वाफ नाकात घेऊ नका.

हत्यारं बदलती ठेवायची असतील तर मनगटात २×१ मि.मी.चे निओडिमियम चुंबक बसवा. पण चिकटवण्याआधी सगळ्यांच्या एकाच बाजूला मार्करनं ठिपका द्या, नाहीतर एखादं हत्यार मनगटापासून लांबच पळेल. वॉरहॅमरसारख्या खेळाच्या अधिकृत स्पर्धेत उतरणार असाल तर आधी नियम वाचा. तिथं दुसऱ्या कंपनीचे सैनिक सहसा चालत नाहीत, आणि यादीत जे हत्यार लिहिलंय तेच हातात दिसावं लागतं. घरच्या टेबलावर मात्र तुमचंच राज्य.

राहिला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर. पितळेवर आणि पत्र्यावर तो मारलाच पाहिजे, नाहीतर रंग नखानं निघतो. फक्त आमच्याकडच्या पावसात स्प्रे मारू नका. एका जुलैत मी गॅलरीत मॅट वार्निश मारलं आणि बारा भालाईत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे झाले. आता जून ते सप्टेंबर मी फक्त कापाकापी आणि पुटीचं काम करतो. स्प्रेचा डबा खंडेनवमीला, बाबांच्या पान्या-पकडींशेजारी माझं हातड्रिल पुजून झालं की बाहेर काढतो.