राजगड-तोरणा-रायगड चालून निधी गोळा करायचा आहे. लोक खरंच पैसे देतात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चौघे मित्र राजगड-तोरणा-रायगड चालणार, त्या निमित्ताने ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी पैसे उभे करायचे, पण लोक देतील का आणि सुरुवात कुठून करायची?

देतात. पण तुम्ही चाललात म्हणून नाही, मागितलेत म्हणून. आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी याच वाटेवर, अशाच एका वसतिगृहासाठी हा उद्योग केलाय, त्यामुळे हे अनुभवाचं सांगतोय.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला तोंडावर विचारलं होतं, "चालणार तू, मग पैसे मी का द्यायचे? एवढी कळकळ आहे तर ट्रेकचा खर्चच देऊन टाक की त्यांना!" काय चूक बोलल्या त्या? आळंदीहून पंढरपूरला लाखो माणसं चालत जातात, त्यातलं कोणी "मी चालतोय, पैसे काढा" म्हणत नाही. विलायतेत मैलामागे अमुक पौंड असं कबूल करून घेण्याची पद्धत आहे. ती इथे चालवायला जाऊ नका, समोरचा मनातल्या मनात गुणाकार करतो आणि गप्प बसतो. आपला माणूस ५०१ देतो, ११०१ देतो, फार तर वाढदिवसाचं निमित्त काढून ५००१ देतो. त्याला किलोमीटर नको असतात, पैसा कशाला लागणार ते हवं असतं.

म्हणून पहिला फोन संस्थेला करा. एका मुलाचा महिन्याचा जेवणाचा खर्च किती, पांघरुणाचा किती, एवढे दोन आकडे त्यांच्याकडून घ्या. "वसतिगृहाला मदत करा" म्हटलं की लोक अंगठा दाखवून पुढे सरकतात. "एका मुलाचं महिन्याचं जेवण तुमच्याकडे लावू का?" असं विचारलं की हो किंवा नाही यातलं एक उत्तर द्यावंच लागतं. काकूंना मी एवढंच सांगितलं की गाडी, जेवण, वाटाड्या हा सगळा खर्च आमच्या खिशातून आहे, तुमच्यातला एक रुपयाही त्यात जाणार नाही. आणि आमच्या खर्चाइतके पैसे दिले असते तर ते तेवढेच राहिले असते. तारीख जाहीर केल्यामुळे शंभर जणांकडे विषय काढता येतो. काकूंनी दोन मुलांचे दोन महिने घेतले. याच हिशेबाने, विमानाने लेह किंवा काठमांडू गाठून 'समाजासाठी ट्रेक' करणाऱ्यांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही.

आता वेळेचं. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. मुलं बरोबर गेली की शाळा सुटलीच. वसतिगृहाचं काम म्हणजे या काही महिन्यांत त्यांना गावातच सांभाळणं. म्हणजे किराणा भरायला पैसा दिवाळीच्या आसपास लागतो, आणि या वाटेवर पाऊस पूर्ण ओसरल्याशिवाय जाऊ नये. तेव्हा पैसे आधी, चाल नंतर. मागण्याचं काम गणपती ते दिवाळी उरका आणि डिसेंबरात चाला. आमचे बहुतेक पैसे पाऊल उचलण्याआधीच जमले होते. बाकीचे रायगडावरचा फोटो टाकल्यावर दोन दिवसांत आले. त्यानंतर सामसूम.

ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही. सत्तर जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं बाकीचे एकोणसत्तर देतील. एकेकाला नावाने लिहा, शक्यतो फोनच करा. हाँगकाँगचा ट्रेलवॉकर ऐकला असेल, १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेली चाल: चौघांचा संघ, १०० किलोमीटर, ४८ तास, आणि चौघांनी मिळून निधीही जमवायचा. त्यातली चौघांची कल्पना उचलण्यासारखी आहे, पण चौघांची वर्तुळं वेगळी हवीत. एकाच कंपनीतले चौघे असाल तर तेच साहेब चार वेळा पकडले जातात. एक जण सासरकडचे बघेल, एक शाळेचे जुने मित्र, असं वाटून घ्या.

पैसे स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, कितीही सोपं वाटलं तरी. स्वतःच्या नावाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी घेतात तीच. शिवाय उद्या कोणी हिशेब विचारला तर मैत्री जाईल. संस्थेचा क्यूआर कोड पाठवा, थेट त्यांच्या खात्यात जाऊ दे. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असणाऱ्यांकडून पॅन घ्या, कारण संस्थेला तो तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो. २००० रुपयांच्या वरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना सवलतच नाही. हे आधीच सांगा, मार्चमध्ये फोन येतात.

अमेरिकेतला मावसभाऊ हमखास "मी पण देतो" म्हणेल. त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय असेल तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत सरळ देऊ शकतो. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. लहान संस्थांकडे ही नोंदणी बहुधा नसते. मग त्याला म्हणावं, तू तिकडच्या मित्रांपैकी भारतीय पासपोर्टवाले शोध.

वाटेबद्दल थोडंच लिहितो, माहिती भरपूर मिळते. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरून धारेने तोरण्याची बुधला माची, तिथून पश्चिमेला मोहरी गाव, मग घाट उतरून काळ नदीचं खोरं आणि शेवटी रायगड. तोरणा १४०३ मीटर. दमछाक तिथेच होते असं सगळ्यांना वाटतं, पण खरी परीक्षा उताराची. मोहरीहून खाली जाणारी बोराट्याची नाळ म्हणजे लिंगाणा सुळक्याच्या बगलेतून सरळ कोकणात पडलेली धोंड्यांची घसरगुंडी. टीव्हीएवढा दगड पायाखाली डुगडुगतो, वरच्याने नुसता पाय टेकला तरी खडी सुटते, आणि "दगड!" अशी हाक आली की वर बघायचं नाही, कडेला चिकटायचं. आमच्यातल्या एकाचा गुडघा तिथेच बोलायला लागला. देणगीदारांना शब्द दिलाय म्हणून माणूस अशा वेळी दुखणं लपवतो, ते होऊ देऊ नका. शब्द पैशांचा आहे, नाळेचा नाही. मोहरीजवळच्या सिंगापूर गावाची नाळ त्यामानाने सोपी आहे, ती घ्या. मोहरीतला वाटाड्या बरोबर घ्याच. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. गरिबांसाठी निधी गोळा करत हिंडायचं आणि मोहरीत पिठलं-भाकरीचे वीस रुपये कमी करायला लावायचे, असे लोक मी पाहिलेत. गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी विचारून घ्या, नाहीतर पायथ्याच्या गावात राहा.

परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला पावती पोचली का ते बघा आणि एकूण किती जमले, कशावर खर्च होणार, हे चार ओळींत कळवा. किराण्याच्या बिलाचा फोटो पाठवा, पांघरुणांच्या गठ्ठ्याचा पाठवा. मुलांचे ताट धरलेले फोटो मागू नका. संस्था संकोचाने काढून देते, पण त्या पोरांनी काय म्हणून तुमच्या ग्रुपवर फिरायचं? दुसऱ्या वर्षी कोण पुन्हा देतं हे त्या चार ओळींवर ठरतं, त्यामुळे त्या तुम्हीच लिहा, संस्थेवर टाकू नका. मार्गाचा नकाशा किंवा मेसेजचा मसुदा हवा असेल तर खाली विचारा, देतो.