वर्ष आहे म्हणून तळण बंद करू नकोस

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि काल दिवसभर तेच डोक्यात होतं. आई म्हणते, बाबांचं वर्ष आहे, यंदा नाताळला घरात तळण नको. भाऊ म्हणतो, पुण्याहून येतो, गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर खोल्या घेऊ, जेवू, परत येऊ. आणि तू विचारतेस, ज्या वर्षी बाबा गेले त्या वर्षी देवाची उपकारस्तुती, आभार कसले मानायचे? चर्चच्या शब्बाथ शाळेत तुला शिकवलं त्या हक्काने सांगते. थोडं कर, पण घरात कर.

वर्ष पाळायची रीत मला ठाऊक आहे. आपल्या पणज्या ज्या हिंदू घरांतून आल्या तिथून ती बरोबर आली. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी शेजाऱ्यांनी फराळ पोचवायचा, ही माया मोठीच आहे, येईल ते ताट घे. पण नाताळ भरल्या घराचा सण कधीपासून झाला? मरिया आणि योसेफ नावनोंदणीसाठी परगावी आलेले, उतरायला जागा नाही, बाळ गव्हाणीत. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते कैदेतून, आणि सुरुवातीलाच तो देवाचे आभार मानतो. हे तुला पाठ आहे. मग आभार मानायला चांगलं वर्ष उजाडायची वाट का बघतेस?

आणि तू नाशिकची आहेस. शरणपूर रोडवरून हजारदा गेली असशील. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनच्या वस्तीत आफ्रिकेची मुलं राहत होती, गुलाम म्हणून विकायला नेत असताना जहाजांवरून सोडवलेली. त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडला गेला, 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर होता. त्या मुलांतल्या कितीजणांना आईबाप पुन्हा दिसले असतील? तरी त्या वस्तीत नाताळ होत होता. एक खुर्ची रिकामी झाली म्हणून घर मोडत नाही गं. बंद ठेवलं की मोडतं.

रागावू नकोस, मला या बाबतीत धीर धरवत नाही.

आता कामाचं. अर्धा किलो मैद्याच्या करंज्या पुरे. अनारसे, चकल्या, सगळे डबे भरायचा अट्टहास नको. चार मोठे चमचे तूप कडकडीत तापवून मोहन घाल. डिसेंबरात निफाडकडचा पारा घसरला की आपल्याकडेही तूप थिजतं आणि पीठ घट्ट येतं, म्हणून कोमट दुधात भिजव आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव. सारणाला सुकं खोबरं, भाजलेला रवा, पिठीसाखर, खसखस, वेलची, आपल्याकडचे बेदाणे. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळे बसा. आईने लाटायचं, तू सारण भरायचं, भावाने कातण्याने कडा कापायच्या. कडेला दुधाचं बोट नीट फिरलं नाही तर करंजी कढईत फुटते, सारण बाहेर येतं, जळतं आणि सगळं तेल काळं होतं. म्हणून एकट्याने घाईघाईत हे काम होत नाही. एकाचा हात थांबला की दुसऱ्याची पारी वाळते. तीन माणसं दोन तास एका जागी बसतात, आणि हात गुंतलेले असले की तोंडं उघडतात. बाबांचा विषय तिथे निघेल. कातणं फिरवता फिरवता तुझा भाऊच काढेल, बघ. रिसॉर्टवर सगळ्यांचे हात मोकळे असतील आणि मोकळ्या हातात मोबाइल येईल. म्हणून म्हणते, घरात कर.

त्याला वाईट मात्र म्हणू नकोस. त्या घरात रात्र काढायची त्याला भीती वाटते आहे, पैसे खर्चून तो ती टाळतोय. त्याला हुकूम सोड की 23 तारखेला ये, खोबरं तुलाच किसायचं आहे.

माझे यजमान ऑक्टोबरात गेले. दोन महिन्यांनी मी कढई चढवली तेव्हा घरात काय काय बोलणी झाली ते तुझ्या आईला विचार. जवळच्या एका नातलगाने त्यानंतर माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाही. माझा मुलगासुद्धा म्हणतो, आई, तू लोकांचं ऐकायला हवं होतंस. गेली काही वर्षं तो नाताळला येत नाही, बेकरीचा केक पाठवतो. खंत आहे, रोज आहे. पण त्या दिवशी कढई चढवली नसती तर मी कॉटवरून उठलेच नसते, हे त्यातल्या एकालाही कळलं नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. तळणाचा वास घरभर झाला, शेजारची पोरं दाराशी आली, आणि मला उठून त्यांच्या हातावर काहीतरी ठेवावं लागलं. तेवढ्यावर मी तो महिना काढला. आजही तेच करीन.

आता तुझ्या उपकारस्तुतीचं. मनात भरून येईल तेव्हा करू, असं ठरवशील तर राहूनच जाईल. 24 ला रात्रीच्या भक्तीला निघण्याआधी कौटुंबिक प्रार्थना करा आणि नावं घ्या. बाबा दवाखान्यात असताना रक्त कोणी दिलं, रात्री कोण बसलं, डबा कोणाच्या घरून येत होता, रिक्षाचे पैसे कोणी घेतले नाहीत. प्रत्येकाचं नाव मोठ्याने. बाबा गेल्याबद्दल आभार मान असं तुला कोणीही सांगत नाहीये, सांगितलं तर ऐकू नकोस. पण ही माणसं खरी आहेत, त्यांचे उपकार खरे आहेत. नंतर बाबांची बाजाची पेटी उघडा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद म्हणा. सूर चुकला तर चुकू दे.

25 ला दुपारी त्याच लोकांकडे ताटं घेऊन जा. दिवाळीत शेजारून आलेलं ताट तुमच्याकडे अजून पडून असेल, ते रिकामं परत जाता कामा नये. त्यावर विकतचा केक ठेवू नकोस. चार करंज्या ठेव, वाकड्या झाल्या असल्या तरी. आणि कुरिअर, डिलिव्हरीवाला हे मला सांगूच नकोस. स्वतः जायचं, दारात दोन मिनिटं उभं राहायचं. बाबा दरवर्षी कॅरलच्या पोरांना थांबवून घेऊन हातात फराळ द्यायचे, ते काम आता भावाचं.

आईशी मी बोलेन, पण आधी तू बोल. "तळण करू का" असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. मैदा भिजव, पोळपाट तिच्यापुढे ठेव. कातणं सापडलं नाही तर माझं पितळी घेऊन जा, सव्वीसला परत हवं आहे.

तुझी बाई