खुडूक कोंबडीचं काय करायचं ते आधी ठरवा, मगच तिला हात लावा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अकोल्यात घरामागे पाच गावरान कोंबड्या, कोंबडा नाही, त्यातली एक आठवडा झाला तरी खोक्यातून उठत नाहीये, हात घातला की फुगते आणि चोच मारते, आणि शेजारच्या आजी सांगतायत की नाकात पीस घाला नाहीतर थंड पाण्यात बुडवा. त्यातलं पहिलं आधी सांगते, नाकात पीस अजिबात घालू नका. खेड्यापाड्यात हे सर्रास करतात आणि कोंबडी उठते पण, पण ती उठते कारण तिला धड श्वास घेता येत नाही, नाक सुजतं, जखम चिघळली तर दाणा पण सोडते. पाण्यात बुडवण्याचं पण तेच, जीव घाबरवून टाकायचा आणि पिसं वाळली की बाई परत खोक्यात. आजींना वाईट वाटू देऊ नका, त्यांच्या वेळी हेच करायचे, पण आपल्याकडे यापेक्षा सोपा आणि बिनत्रासाचा उपाय आहे.

खुडूक बसणं, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसणं, हा आजार नाही. अंडी घालून झाली की कोंबडीच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, अंडी बंद होतात, पोटाखालची पिसं गळतात आणि तिथली उघडी कातडी चांगली गरम लागते. रात्री ती शांत असताना हळूच पोटाखाली हात घालून बघा, लगेच कळेल. आता यात महत्त्वाचं काय, तर पोटाला खालून ऊब लागत राहिली की ते हार्मोन वाढलेलंच राहतं, म्हणजे बसल्यामुळे बसावंसं वाटतं. म्हणूनच नुसती अंडी काढून घेतली तरी बऱ्याच कोंबड्या रिकाम्या पेंढ्यावर पण बसून राहतात, काही तर नुसत्या विटेवर.

एक गोष्ट आधी तपासा, ती खरंच खुडूक आहे ना. खुडूक कोंबडीचे डोळे तरतरीत असतात, बारीक आवाजात कुक कुक चालू असतं, दिवसातून एकदा बाहेर येते, एक भली मोठी घाण वासाची विष्ठा टाकते, घाईघाईने दाणापाणी करते आणि पळत परत जाते. पण जर ती शेपूट खाली टाकून, अंग चोरून बसली असेल, जोर करत असेल आणि चोचही मारत नसेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, मग थांबू नका, जनावरांच्या दवाखान्यात न्या. तुमची चोच मारतेय म्हणजे बहुतेक खुडूकच आहे.

आता माझं स्पष्ट मत. दोनच रस्ते आहेत, पिल्लं काढायची किंवा तिला उठवायचं, आणि कुठला ते आजच ठरवा. सगळ्यात वाईट काय तर बसलीये तर बसू दे, उठेल आपोआप. तुमच्याकडे कोंबडा नाही म्हणजे त्या अंड्यातून पिल्लू निघणारच नाही, पण तिला ते कसं कळणार, ती पिल्लं निघायच्या २१ दिवसांच्या पुढेही बसेल, खाणंपिणं कमी, वजन उतरतं, तुरा फिका पडतो, एका जागी बसून अंगात उवा होतात, आणि बाकीच्या चौघी त्याच खोक्यात अंडी घालायला येतात तेव्हा भांडणं, फुटलेली अंडी, आणि एकदा फुटलेलं अंडं चाखायची सवय लागली की ती मोडणं अवघड.

आणि अकोल्याचा मे महिना म्हणाल तर मी आत्ता उठवाच म्हणेन. ४२-४३ डिग्रीत पत्र्याखाली बसलेली कोंबडी पाणी प्यायला पण पुरेशी उठत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकते आणि दुपारी उष्माघाताने जाऊ शकते. कुणाकडून कोंबडा लागलेली अंडी आणून बसवावीत तर तीही उन्हाळ्यात दगा देतात, कारण साधारण २०-२१ डिग्रीच्या वर ठेवलेल्या अंड्यात जीव हळूहळू वाढायला लागतो, ऊब धड मिळत नाही आणि तो अर्ध्यावर मरतो.

उठवायला पिंजरा लागतो, तोही खालून जाळीचा. विकत घ्यायची गरज नाही, भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे दोन क्रेट घ्या, एकावर एक उपडा ठेवून तारेने बांधा, चारी कोपऱ्यांना विटा लावून जमिनीपासून वर उचला म्हणजे पोटाखालून वारा खेळेल. तळाची भोकं पाय अडकेल इतकी मोठी नकोत. आत पेंढा, पोतं, भुसा काहीही टाकायचं नाही, कनवाळूपणा करून एक फडकं जरी टाकलंत तरी ती त्यावर ऊब धरून बसणार. दाणा आणि पाण्याची वाटी आत बांधून द्या, सांडू नये म्हणून. ही शिक्षा नाहीये, तिला पोटभर खाऊपिऊ घालायचं, फक्त पोट गार ठेवायचं. दिवसा कडुलिंबाच्या सावलीत, बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी जागा, एका बाजूला थोड्या अंतरावर ओलं पोतं टांगलं तर हवा गार येते. रात्री पण पिंजऱ्यातच, पण मांजर आणि मुंगसापासून आडोशाला, आणि रात्री दया येऊन खोक्यात सोडलंत तर दिवसभराची मेहनत वाया.

तीन दिवसांनी सकाळी बाहेर सोडा आणि लांबून बघा. बाकीच्यांबरोबर उकरायला, मातीत लोळायला लागली तर झालं. सरळ खोक्याकडे धावली तर अजून दोन दिवस आत. जितके दिवस जास्त बसलेली तितकी उठायला वेळ घेते, तुमची आठवडाभरच बसलीये त्यामुळे लवकर सुटेल. ताप उतरवायच्या माणसांच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर देऊ नका. अंडी लगेच सुरू होणार नाहीत, दोन-तीन आठवडे धरून चला. खालची अंडी आठवडाभर गरम झालेली आहेत, खाऊ नका, पुरून टाका. आणि तिच्या पिसांच्या बुडाशी, शेपटीखाली उवा आहेत का बघा, असतील तर चुलीची गार राख मातीत मिसळून लोळायला द्या, खोक्यातला जुना पेंढा जाळून टाका.

मात्र ही कोंबडी विकू नका, कापू तर अजिबात नका. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून हा गुण निवडून निवडून घालवलाय, कडकनाथ पण क्वचितच नीट बसते, लोक तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. अशी चिवट बसणारी मिळणं भाग्याचं आहे. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की ती परत खुडूक बसेल तेव्हा ओळखीच्या माणसाकडून सात दिवसांच्या आतली, कोंबडा लागलेली १० ते १२ अंडी आणा, पेन्सिलने खूण करा, वेगळ्या शांत जागी टोपलीत तळाला राख आणि वर पेंढा घालून सगळी एकाच दिवशी ठेवा. कोंबडीला रात्री अंधारात हलवायचं, दिवसा हलवली तर जुन्या जागी पळते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला तर ठेवा, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढा. १८व्या दिवसानंतर हात लावायचा नाही, पहिलं पिल्लू निघालं म्हणून उचलून आणायचं नाही, पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. अंडी मिळाली नाहीत तर ती आठ-दहा दिवस बसल्यावर एक दिवसाची पिल्लं आणून रात्री एकेक तिच्या पोटाखाली सरकवता येतात, पण मग पहाटे उजाडायच्या आत उठून बघत बसायचं, टोचत असेल तर लगेच काढून घ्यायची. पिल्लांना पाच ते सात दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यायची, ती कधी मिळेल ते जनावरांच्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, कारण कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत डोस बरेच असतात, गल्लीत अजून कुणाकडे पिल्लं असतील तर त्याच दिवशी सगळ्यांची मिळून उरकता येतील.