शिगमो की शिमगा?

पुण्याहून लग्न होऊन गोव्यात पर्वरीला आलेल्या एका ताईंनी विचारलंय: "इथे फाल्गुनातल्या उत्सवाच्या पत्रकांवर, फलकांवर सगळीकडे 'शिगमो' लिहिलेलं दिसतं. हे 'शिमगा'चं बोलीतलं अशुद्ध रूप आहे का? आमच्या वसाहतीच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मराठीत काढायची आहे. त्यात शुद्ध काय लिहू?"

ताई, आधी थेट उत्तर देतो. शिगमो हे शिमग्याचं बिघडलेलं रूप नाही. अक्षरांच्या क्रमापुरतं बोलायचं तर मूळ शब्दाला शिगमोच जास्त धरून आहे आणि उलटापालट झाली आहे ती 'शिमगा'मध्ये. हे मी गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, म्हणून अभिमानापोटी सांगत नाही, शब्दाचा प्रवासच तसा आहे.

व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत 'सुग्रीष्मक'पर्यंत नेतात. प्राकृतात 'ग्रीष्म'चा 'गिम्ह' होतो. 'युष्म'चं 'तुम्ह' झालं आणि तिथून आपलं 'तुम्ही' आलं, तीच ही वाट. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या देशीनाममाला या शब्दकोशात फाल्गुनातल्या उत्सवाला 'सुगिम्हअ' म्हटलेलं आहे. पुढे 'गि'मधल्या इकाराच्या ओढीने 'सु'चा 'सि' झाला, आणि इकाराआधीच्या 'स'चा 'श' करणं ही तर मराठी-कोंकणीची जुनी खोडच आहे. 'सिज्झइ'चं शिजणं झालं, 'सीमा'ची शीव झाली. शेवटचा स्वर कोंकणीत ओ आणि मराठीत आ: घोडो-घोडा, आंबो-आंबा. म्हणजे 'शिगमो' इथे सरळ चालत आला. मराठीत मात्र ग आणि म यांनी जागा बदलल्या. याला वर्णविपर्यय म्हणतात. आपण रोज करतो तो: नुकसानचं 'नुस्कान', चिकटण्याचं 'चिटकणं'. त्यात कमीपणा काही नाही. सिंधुदुर्गातला मालवणी माणूस 'शिमगो' म्हणतो, त्यात ओकार कोंकणीचा आणि म-ग मराठीचे. शीव ओलांडताना शब्द कसा थोडा थोडा वेश बदलतो ते यात दिसतं.

आता तुमच्या मनात येईल की फाल्गुनात ग्रीष्म कुठला? पंचांग तर फाल्गुनाला शिशिर म्हणतं. मला या शब्दातलं सगळ्यात आवडतं ते इथेच आहे. वर्षाचे सहा ऋतू आपण पाठ केले, पण वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीनच भाग करण्याची जुनी रीतही होती: ग्रीष्म, वर्षा, हेमंत. वैदिक चातुर्मास्य यज्ञ याच सांध्यांवर होत. फाल्गुनी पौर्णिमेला वैश्वदेव, आषाढीला वरुणप्रघास, कार्तिकीला साकमेध. या हिशेबाने फाल्गुनी पौर्णिमा म्हणजे ग्रीष्माचा उंबरठा. ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षातला. त्यात तारीख दिली आहे ती ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस अशी, आणि शब्द कोरलाय तो 'गिम्ह'चाच. सातवाहनांच्या कारभारात ज्या शब्दाने दिवस मोजत, तो शब्द आज आमच्या गावात ढोलावर थाप पडली की पोरांच्या तोंडी असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

अर्थाचं मात्र दोन्हीकडे बरंच वेगळं झालं आहे, आणि पत्रिका लिहिताना तुम्हाला ते जास्त उपयोगी पडेल. घाटावरच्या मराठीत शिमगा म्हटलं की आधी बोंब ऐकू येते. 'घरात नुसता शिमगा घातलाय', 'त्याच्या नावाने शिमगा केला', 'शिमगा सरला तरी कवित्व उरतं'. या बोंबेलाही धर्माचा आधार आहे बरं का. भविष्योत्तर पुराणात रघुराजाच्या राज्यात मुलांना छळणाऱ्या ढुंढा राक्षसीची कथा येते. अग्नी पेटवून, आरडाओरडा करून आणि अर्वाच्य बोलून मुलांनी तिला पळवून लावावं, असा उपाय तिथे सांगितला आहे. पण भाषेत कथा मागे पडली आणि बोंब तेवढी शिल्लक राहिली.

गोव्यात शिगमो म्हटलं की डोळ्यांसमोर मांड येतो. आमच्या डिचोलीकडच्या गावात देवळासमोर एक ठरलेली जागा आहे. एरवी तिथून गुरं जातात, सायकली जातात. शिगम्याचे दिवस आले की ती जागा शेणाने सारवतात. तिन्हीसांजेला मधोमध समई आणि नारळ. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, गाऱ्हाणं घालतो, मग ढोल, ताशे आणि कासाळी (मोठ्या झांजा) एकदम सुरू न होता एकेक करून आत शिरतात, आणि नमन सुरू होतं. नमनात गावच्या सगळ्या देवांना नावानिशी हाक असते: ग्रामदेवता, शिवेवरचा राखणदार, पुरुस म्हणजे गावचा मूळपुरुष, कुणीच राहता कामा नये. तोवर कुणी मांडावर चप्पल घालून पाय ठेवत नाही. आजोबांच्या ढोलाची कातडी ते आधी शेकोटीजवळ धरून तापवत, बोटाने टिचकी मारून कान लावत, आणि सूर बसला की मगच गळ्यात घेत. पुढे घरोघर वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांचा मेळ जातो, कुठे कमरेला लाकडी घोडा बांधून नाचायची घोडेमोडणी, कुठे वीरभद्राचं सोंग, आणि मध्येच सगळ्यांच्या तोंडून 'ओस्सय' अशी आरोळी उठते. उत्साह आहे, आरोळ्या आहेत, पण सुरुवात देवाला विचारून. म्हणून इथल्या माणसासमोर 'काय शिमगा चाललाय' असं भांडणाबद्दल सहज बोलून गेलात तर त्याचा चेहरा क्षणभर बदलतो.

दुसरीत की तिसरीत मी 'आमच्या गावचा शिगमो' असा निबंध लिहिला होता. वही परत आली तेव्हा प्रत्येक 'शिगमो'वर लाल शाईची काट आणि वर 'शिमगा'. अकरा ठिकाणी. घरी आजोबांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी मांडावर जाताना वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी नीट कपाटात ठेवली. शुद्ध-अशुद्ध या शब्दांनी कुणाचं काय दुखावतं ते मला तेव्हापासून ठाऊक आहे, म्हणून तुमचं उत्तर एवढं लांबलं.

जाता जाता 'होळी' या शब्दाचंही सांगतो, कारण नवीन माणूस तिथे हमखास अडखळतो. इथल्या कितीतरी गावांत 'होळी आणली' म्हणजे आंब्याचं किंवा पोफळीचं खोड वाजतगाजत आणून उभं केलं. होळी पेटवण्याऐवजी रोवतात असं ऐकलंत तर दचकू नका. आणि 'धाकटो शिगमो', 'व्हडलो शिगमो' असे शब्द कानी पडतील. पौर्णिमेआधीचा तो धाकटा, पौर्णिमेपासून पुढे चालतो तो थोरला.

तर पत्रिका. मराठीत 'शिगमो' बिनधास्त लिहा. विभक्ती लावताना ती आपल्या नेहमीच्या वळणाने चालते: शिगम्याला, शिगम्याचा, शिगम्यात. 'शिगमोत्सव' इथे रुळलेला आहे, कोकणात 'शिमगोत्सव' चालतो, पण पर्वरीच्या पत्रिकेत पहिलाच शोभेल. माहेरची मंडळी घाटावरची, त्यांना 'शिमगा' जवळचा वाटत असेल तर तोही चूक नाही, फक्त एका पत्रिकेत दोन्ही मिसळू नका.

आणि एक विनंती. प्रश्नासोबत पाठवलेल्या पत्रिकेच्या मसुद्यात तुम्ही 'वसाहतीच्या मांडावर' असं लिहिलंय. कार्यक्रम वाहनतळावर आहे ना? मग 'वसाहतीच्या प्रांगणात' लिहा. मांड गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला असतो, तो शब्द त्याच जागेसाठी राहू द्या. नमन म्हणायला गावातली मंडळी येणार असतील तर त्यांच्यासाठी एक समई, एक नारळ आणि सारवलेली चार हात जागा तेवढी तयार ठेवा.