खान्देशात शिकार-मासेमारीचा क्लब काढून निसर्गाचं काम करता येईल का?

शिकारीचं विसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून थोडीफार शिकार करता यायची, १९९१ च्या दुरुस्तीत तीही बंद झाली. अमेरिकेतल्या क्लबांचे दाखले देऊ नका. तिथे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, म्हणजे शिकाऱ्याच्या खिशातून जंगलाचा खर्च निघतो. आपल्याकडे ती सोयच नाही, मग नुसतं नाव उचलून काय करणार?

राहिला गळ. त्यावर बोलायचा मला हक्क आहे. आमचं सहा जणांचं टोळकं अकरा वर्षांपासून तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याच्या काठाला, बसतंय. पहिली चार वर्षं आम्हीही टी-शर्ट छापले, मासा हातात धरून फोटो काढले, मासा सोडला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आलो. मग एका मे महिन्यात चांगदेवच्या पुढे पूर्णेच्या बाजूचं पाणी मागे सरलं आणि बुडालेल्या बाभळींची खोडं उघडी पडली. खोडाखोडाला तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जुनी जाळी गुंडाळलेली, उन्हात वाळून करकरीत. एका जाळ्यात पाणकावळा होता. पंख पसरलेलेच, छातीचा नुसता पिंजरा, आणि चोचीजवळच्या जाळ्याच्या भोकात वाळलेलं मासोळीचं डोकं. ती धरायला गेला असणार. तंगूस कुजत नाही, मालक विसरला तरी जाळं मारतच राहतं.

विळ्यानं कापता कापता बोटं चिरली. दोन दिवसांत सात गोण्या भरल्या. त्यात गळाच्या तुटक्या दोऱ्याही निघाल्या आणि एकीला माझा लाल तरंग, म्हणजे गळाचा तरंगता खुणेचा तुकडा, होता. तो मी लगेच खिशात घातला, कुणाला दाखवला नाही.

आमच्या मेव्हण्याचं पालुपद ठरलेलं: मासा पकडून सोडायचा आणि घरी येऊन कोंबडी हाणायची, हे कसलं डोंबलाचं संवर्धन? आणि हाच माणूस मृगाच्या पहिल्या पुराला काठी घेऊन ओढ्यात उतरतो, चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे बडवतो आणि गाबोळीचे फोटो पाठवतो! रोहू, कटला साचल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर धरणात विकतची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागतात. चढणीला एक मादी मारली की अंडी लाखांनी गेली. मी कोंबडी खातो, मासाही खातो. आषाढात खात नाही, एवढंच.

तर क्लब काढायचाच असेल तर मे महिन्यात गोण्या आणि विळे घेऊन या, टी-शर्टचं नंतर बघू. आफ्रिकन मागूर गळाला लागला तर मात्र दया दाखवून परत सोडू नका. तो पाळायलाही देशात बंदी आहे, बाकीच्यांना खाऊन टाकतो.

हां, एक राहिलं. तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका आणि जाळं तर मुळीच कापू नका. आम्ही एकदा चालू जाळं बेवारशी समजून कापलं आणि भरपाई दिली. मेव्हणा ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो. यंदा त्यालाच गोणी धरायला बोलावलंय. जेवणात कोंबडी असेल तर येतो म्हणालाय.