परसात सहा बाय आठ फुटांचा काँक्रीटचा कोबा स्वतः घालता येतो का? सिमेंट किती लागेल?

येतो की. छतावरचा स्लॅब विचारला असता तर नको म्हणालो असतो. तिथं सेंट्रिंग आणि सळईतली चूक माणसाच्या डोक्यावर येते. जमिनीवरच्या कोब्याला तो धोका नाही. तुम्ही लिहिलंय की घर वडगावात आहे, परसात धुणं धुवायला आणि रात्री स्कूटर लावायला जागा करायची आहे, आणि एवढ्याशा कामाला गवंडी यायला तयार नाही. नाहीच येणार, अशा कामात त्याचा अख्खा दिवस मोडतो. मीही गवंडी नाही, पण खानापूरकडं आमच्या घरी आणि चिकोडीला बहिणीकडं असली कामं घरच्याच माणसांनी केलीत, त्यावरून सांगतो.

सिमेंटचा हिशेब नंतर करू. आधी खाली माती कसली आहे ते बघा. खानापूर बाजूला तांबडी माती आणि जांभा, तिथं फार काळजी नसते. वरची भुसभुशीत माती आणि मुळं काढून चार इंच मुरूम ठोकला की झालं. काळी माती असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर कितीही भारी काँक्रीट घाला, ते आज ना उद्या तडकणार, आणि लोक दोष देणार सिमेंटला. म्हणून काळी माती फूट-दीड फूट उकरून काढा आणि त्या जागी मुरूम भरा. सगळा एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर, वर थोडं पाणी, मग धुमस. टाच जोरात आपटून बघा, खळगा पडला तर अजून ठोका. बहिणीकडं घाम निघाला तो याच कामात, काँक्रीट त्यामानानं लवकर उरकलं.

आता हिशेब. सहा बाय आठ आणि जाडी चार इंच म्हणजे १६ घनफूट ओलं काँक्रीट. सुका माल मिसळून दाबला की बसतो, म्हणून साधारण दीडपट धरायचा, २४-२५ घनफूट. एकास दीड, तीन या प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) साडेतीन पोत्यांच्या वर सिमेंट लागतं. हातानं कालवणार असाल तर दहा टक्के जास्त सिमेंट घालायची रीत आहे, म्हणून सरळ चार पोती आणा. वाळू सात-आठ घनफूट, पाऊण इंची खडी १४-१५ घनफूट. एवढ्यासाठी कोणी ब्रासनं (म्हणजे शंभर घनफुटांच्या मापानं) गाडी पाठवत नाही, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून मागा. एका पोत्यात एक घनफूट खडी भरली तरी चाळीस किलोच्या वर वजन होतं, जास्त भरलेलं उचलताना कंबर धरते. सगळं मिळून कोबा एक टनाच्या वर जातो. एकट्यानं करायचं काम नाही हे, तीन माणसं हवीत.

नदीची वाळू हल्ली मिळणं अवघड, एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते. वाळूत माती आहे का बघायला काचेच्या बाटलीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि काही तास ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला तर ती वाळू परत करा. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यातलं आहे ते छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका.

सळई लागेल का? धुणं आणि स्कूटरसाठी नाही. घालायचीच असेल तर ८ मिलीमीटरची जाळी करा आणि ती कव्हरच्या तुकड्यांवर (काँक्रीटच्या लहान ठोकळ्यांवर) उचलून ठेवा. मुरुमावर आडवी पडलेली जाळी काही उपयोगाची नाही, गंजते तेवढी.

कडेनं चार इंच उंचीच्या फळ्या लावा, बाहेरून खुंट्या ठोका, आतून जुनं तेल चोळा. ढाळ घराकडून बाहेर, आठ फुटांत दीड इंच. हा ढाळ फळ्यांनाच द्या, लेव्हलच्या पाणी भरलेल्या नळीनं बघून. नंतर थापीनं ढाळ काढू म्हणणाऱ्याच्या कोब्यावर पाणी साचतंच. घराच्या जोत्याला काँक्रीट चिकटवू नका, मध्ये अर्धा इंच थर्मोकोलची पट्टी उभी धरा. जोतं आणि कोबा वेगवेगळे हलतात.

कालवायला लोखंडी पत्रा घ्या, मातीवर कालवू नका. आधी वाळू-सिमेंट कोरडंच एक रंग येईपर्यंत फिरवा, मग खडी, मग पाणी. एका वेळी अर्ध्या पोत्याचाच माल करा, पाणी घातल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात तो जागेवर पडला पाहिजे.

पाण्यावरच बहुतेकांचं काम बिघडतं. एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादलीवर खूण करून मोजूनच घाला. खोरं मारणारा दर वेळी म्हणणार, "जरा पातळ करूया, सरकत नाही." त्याचं ऐकू नका. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवतं. असा कोबा पुढं खराट्यानं झाडला तरी धूळ सोडतो. गोळा हातात दाबला की आकार धरावा आणि पाणी गळू नये, इतपत ठेवा.

घालायच्या आधी मुरूम भिजवा, पण डबकं नको. कोपऱ्यांत आणि फळीच्या कडेला सळईच्या तुकड्यानं गोदा, नाहीतर फळी काढल्यावर खडीचं मधमाशीचं पोळं दिसतं. मग सरळ फळी दोन्ही कडांवर टेकवून करवतीसारखी मागंपुढं ओढत आणा. त्यानंतर थांबा. वर पाणी येतं, ते आपोआप जाऊ द्या. इथं पुष्कळ गवंडी वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात आणि घोटून आरसा करतात. दिसायला छान दिसतं, पण ती पातळ साल पुढं सुटते, आणि साबणाच्या पाण्यात पाय घसरतो तो वेगळाच. धुण्याच्या जागेला चकाकी कशाला? चमक गेली आणि अंगठा दाबल्यावर थोडाच ठसा उठतो असं झालं की गवंड्याच्या लाकडी रंध्यानं एक हात फिरवा आणि ढाळाच्या दिशेनं खराटा हलका ओढा. बारीक रेघा उमटतात, पाय धरतो. हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट हवेतच, ओलं सिमेंट कातडी खातं.

फळ्या दुसऱ्या दिवशी काढा, पण पाणी मारायचं सोडू नका. पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलं असेल तर निदान दहा दिवस गोणपाट पसरून ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ बादलीभर शिंपडून भागत नाही, गोणपाट मधल्या वेळीही वाळता कामा नये. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर सकाळी लवकर लागा आणि ताडपत्री जवळ ठेवा, दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने बरे.

दुसऱ्या दिवशी अलगद चालता येईल. स्कूटर पाणी मारणं संपल्यावरच लावा आणि स्टँडखाली पहिले काही आठवडे फळीचा तुकडा ठेवा. पुढं कधी चारचाकी आणायचा विचार असेल तर तो आत्ताच करा. मग जाडी पाच इंच आणि जाळी लागेल, सिमेंटही पाच पोती.